बिघाड कशाशी ताडून पाहायचा?



'डूम' हा खेळ 'आयडी सॉफ्टवेअर' या अमेरिकी कंपनीने डिसेंबर १९९३मध्ये आणला. १९९७च्या डिसेंबरात कंपनीच्या जॉन कार्मॅक या प्रोग्रॅमरने त्याचा सोर्स कोड लोकांच्या हाती दिला आणि हौशी प्रोग्रॅमरांनी आपापली घराणी काढली : बूम, झेडडूम, पीआरबूम, चॉकलेट डूम. यांना सोर्स पोर्ट म्हणतात.

आता एका पोर्टवर नीट चालणारा नकाशा, म्हणजे खेळाचा एखादा टप्पा, दुसऱ्यावर अडला, की तक्रार येते, 'तुमचं पोर्ट बिघडलंय.' माझ्या मते अशी तक्रार न केलेलीच बरी. कारण सांगतो.

या खेळाच्या पुढच्या भागात, 'डूम २'मध्ये, आर्चव्हाइल नावाचा एक राक्षस आहे. तो मेलेल्या राक्षसांना उठवतो. राक्षस मरताना मूळ कोड त्याची उंची पाव करतो आणि उठवताना चौपट करतो. हिशेब चोख. पण प्रेत छताखाली चिरडलं गेलं असेल, तर उंची आणि घेर दोन्ही शून्य झालेले असतात. आणि शून्याची चौपट शून्यच! मग उठतं ते भूत. गोळ्या त्याच्या आरपार जातात, ते भिंतीतून खुशाल चालत येतं. चूक उघड आहे, आणि बूमने ती सुधारलीही. पण काही नकाशाकारांनी ही भुतं मुद्दाम कामाला लावली होती. चूक सुधारली आणि त्यांचे नकाशे मोडले. बिघाड कोणाचा म्हणायचा?

चॉकलेट डूमचा तर पणच असा, की मूळ खेळातल्या चुकाही जपायच्या. एका दृश्यात जमिनीचे आणि छताचे १२८हून जास्त तुकडे झाले, की मूळ खेळ बंद पडायचा. तिथे चॉकलेट डूमही बंद पडतो. न पडला तर खुशाल तक्रार करा!

बिघाडाचा खरा साक्षीदार म्हणजे डेमो फाइल, म्हणजे खेळलेल्या खेळाची नोंद. तिच्यात चित्र नसतं. दर सेकंदाच्या पस्तिसाव्या भागाला खेळाडूने काय केलं, त्याचे चार बाइट असतात, बस. खेळातले 'योगायोग'सुद्धा २५६ आकड्यांच्या ठरलेल्या तक्त्यातून येतात, म्हणून तेच चार-चार बाइट दिले की तोच खेळ पुन्हा घडतो. पोर्टने कुठे एक आकडा जास्त उचलला, की पुढचं सगळं हुकतं. खेळाडू भिंतीवर डोकं आपटत रिकाम्या जागी गोळ्या झाडत बसतो. याला डीसिंक म्हणतात. तो कुठल्या क्षणी झाला हे कळलं, की चूक शोधायला मैदान फार उरत नाही.

पीआरबूमवरून निघालेल्या पीआरबूम प्लस या पोर्टमध्ये 'कॉम्पलेव्हल' म्हणून एक आकडा देता येतो : २ दिला की वागणूक मूळ डूम २ची, ९ दिला की बूमची. तक्रारीत हा आकडा नसेल, तर वाचणाऱ्याने ताडायचं कशाशी?

तेव्हा, मंडळी, तक्रार जरूर करा. पण नकाशाच्या फाइलचं नाव, पोर्टची आवृत्ती आणि कॉम्पलेव्हल लिहा, तोच नकाशा चॉकलेट डूमवर चालवून काय दिसलं ते सांगा, आणि स्क्रीनच्या फोटोऐवजी डेमो जोडा.