तोंडाभोवतीचे पुरळ : उपचार आणि संयम



तोंडाभोवती बारीक लाल पुरळ उठते, आग होते, त्वचा ताणल्यासारखी वाटते. कोणी त्याला उष्णता म्हणतो, कोणी मुरुमे. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘पेरिओरल डर्मटायटिस’ असे नाव आहे. ओठांच्या कडेलगतची अरुंद पट्टी स्वच्छ राहते आणि तिच्या बाहेर पुरळ पसरते, ही त्याची खूण. काही वेळा नाकाच्या बाजूंना व डोळ्यांभोवतीही ते दिसते. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. मात्र पुरुष आणि लहान मुलेही त्यातून सुटत नाहीत. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे आरंभीच सांगणे अगत्याचे आहे.

त्याचे मूळ कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. परंतु चेहऱ्यावर लावलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमांशी असलेला त्याचा संबंध सुपरिचित आहे. दाट क्रीम, सौंदर्यप्रसाधने आणि काहींच्या बाबतीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचाही हातभार लागतो. आपल्याकडे हा प्रश्न गोरेपणाच्या हव्यासाशी जोडला गेला आहे. लग्नाची बोलणी सुरू झाली की घरातीलच कोणी तरी दुकानातून मलमाची नळी आणून देते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून मलम चालूच राहते. पुढे पुरळ उठते, त्यावर पुन्हा तेच मलम लावले जाते. मलम लावताच पुरळ दबते व थांबवताच उसळते. मग मुलीला वाटते की मलमाविना आपला निभाव नाही. प्रत्यक्षात ज्याला ती औषध समजते, तेच दुखणे वाढवीत असते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे परिशिष्ट ‘एच’मध्ये आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. तथापि नियमाला घरातील विवेकाची जोड हवीच.

उपचाराची पहिली पायरी त्यागाची आहे. चेहऱ्यावरचे स्टेरॉइड मलम, क्रीम आणि प्रसाधने थांबवावयाची आणि केवळ कोमट पाण्याने चेहरा धुवावयाचा. सौम्य विकार एवढ्यानेही बरा होऊ शकतो. मात्र मलम थांबवताच पहिले काही दिवस, क्वचित काही आठवडे, पुरळ अधिक भडकते. हा काळ धीराचा असतो. बहुतेक रुग्ण नेमके येथेच डगमगतात आणि पुन्हा नळीकडे वळतात. तीव्र स्टेरॉइड दीर्घकाळ वापरलेले असल्यास डॉक्टर ते सौम्य मलमावर आणून टप्प्याटप्प्याने बंद करतात. दम्यासाठी घेतला जाणारा इनहेलर मात्र कोणीही आपल्या मनाने थांबवू नये. तो घेतल्यावर चूळ भरावी व तोंडाभोवतीचा भाग धुवावा.

दुसरी पायरी लावण्याच्या औषधांची. मेट्रोनिडाझोल, एरिथ्रोमायसिन, अॅझेलाइक आम्ल किंवा पायमेक्रोलिमस यांपैकी योग्य ते तज्ज्ञ निवडतात. विकार जास्त असल्यास पोटातून डॉक्सिसायक्लिनसारखे औषध साधारणतः काही आठवडे दिले जाते. ते दाह शमविते. गर्भवती स्त्रिया आणि 8 वर्षांखालील मुले यांना या गटातील औषधे देत नाहीत. त्यांच्यासाठी एरिथ्रोमायसिनसारखे पर्याय असतात. या काळात कडक उन्हापासून जपावे.

आपल्या आचारधर्माच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी लागते आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. उपवास असेल तर तेही अगोदर सांगावे. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. म्हणून गोळीचा पर्याय मागावा. दूध, तसेच लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यासोबत हे औषध घेतल्यास ते कमी शोषले जाते, त्यामुळे मध्ये अंतर ठेवावे.

सुधारणा दिसावयास आठवडे लागतात, पूर्ण आराम पडावयास काही महिनेही. विकार पुन्हा उद्भवू शकतो. तेव्हा जुनी नळी कपाटातून काढू नये. दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या चेहऱ्याला लावू नये. आणि ज्या घरात सून किंवा मुलगी या दुखण्याने आरशापुढून बाजूला होते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्या रंगाविषयी एक शब्दही न बोलता तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. वडीलधाऱ्यांच्या या मौनाचा औषधाइतकाच उपयोग होतो.