मुक्त आणि फुकट : संगणकावरील आज्ञावली, तिची पूरके आणि परवाना



हजेरीपट, निकालपत्रक, पोषण आहाराचा हिशेब, वरिष्ठ कार्यालयास द्यावयाची माहिती, असे शाळेचे दप्तर आता बव्हंशी संगणकावर लिहिले जाते. ज्या आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, ते लिहावयाचे ती वापरण्याचा व दुसऱ्यास देण्याचा अधिकार शिक्षकास कोठून मिळाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो न विचारल्यास काय घडू शकते, हे एका कल्पित प्रसंगावरून ध्यानात येईल.

एक द्विशिक्षकी शाळा घ्यावी. तेथील गुरुजींनी लेखन व कोष्टके यांसाठी लिबरऑफिस ही आज्ञावली संगणकावर बसविली. पुढे निकालपत्रक आपोआप तयार करणारे एक एक्स्टेन्शन, म्हणजे मुख्य आज्ञावलीस जोडावयाचे पूरक, त्यांस इंटरनेटवर आढळले. त्यावरील ‘मोफत’ हा शब्द त्यांनी वाचला. खालचा मजकूर वाचला नाही. मुख्य आज्ञावली मुक्त आहे, तेव्हा तिला जोडलेली वस्तूही तशीच असणार, अशी त्यांची समजूत झाली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांनी ते पूरक पेनड्राइव्हवरून आणखी नऊ शाळांस मोठ्या आनंदाने दिले. एप्रिल महिन्यात निकाल आठ दिवसांवर आला असता ते चालेनासे झाले. मोफत वापराची मुदत संपली होती. पुढे शुल्क मागितले जात होते. शिवाय प्रत दुसऱ्यास देता येणार नाही, असे परवान्यात स्पष्ट लिहिलेले होते. गुरुजींचा हेतू शुद्ध होता. परंतु ज्या हाताने मुलांस प्रामाणिकपणाचा धडा द्यावयाचा, त्याच हाताने परक्याची वस्तू विनापरवाना वाटली गेली.

या चुकीचे मूळ दोन शब्दांच्या घोटाळ्यात आहे. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द ‘विनामूल्य’ व ‘स्वतंत्र’ या दोन्ही अर्थी चालतो. मराठीत ‘फुकट’ निराळे आणि ‘मुक्त’ निराळे. फुकट हे किमतीविषयी सांगते, तर मुक्त हे अधिकाराविषयी. मुक्त आज्ञावली पैसे घेऊनही विकता येते. आणि फुकट मिळालेली आज्ञावली अनेक बंधनांनी जखडलेली असू शकते.

मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा आरंभ अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर करून केला. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना अस्तित्वात आला. या विचारानुसार वापरणाऱ्यास चार अधिकार हवेत : कोणत्याही कामासाठी आज्ञावली चालविणे, तिची मूळ लिखित रूपातील आज्ञा, म्हणजे सोर्स कोड, अभ्यासून तीत बदल करणे, तिच्या प्रती इतरांस देणे, आणि सुधारलेल्या प्रतीही देणे. यांपैकी एक जरी नाकारला, तरी ती आज्ञावली मुक्त राहत नाही.

लिबरऑफिसची पूर्वपीठिकाही बोधप्रद आहे. स्टारऑफिस ही मूळची एका जर्मन कंपनीची आज्ञावली १९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने विकत घेतली आणि २००० साली तिचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस निर्माण झाले. पुढे २०१० मध्ये सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा अनेक कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी तोच सोर्स कोड घेऊन लिबरऑफिस सुरू केले. मालक बदलला तरी काम थांबले नाही. कारण ते पुढे नेण्याचा अधिकार परवान्यानेच सर्वांस दिला होता.

मग तिचे पूरक अमुक्त कसे असू शकते? लिबरऑफिसचा परवाना, मोझिला पब्लिक लायसन्स २.०, असे सांगतो की त्या परवान्याखालील फाइलींत बदल करून कोणी त्या इतरांस दिल्या, तर बदललेला सोर्स कोडही त्याच परवान्याखाली उपलब्ध करावा. परंतु स्वतंत्र फाइलींत लिहिलेल्या जोडकामास ही अट लागू नाही. त्याचा कर्ता निराळ्या अटी घालू शकतो. विहीर गावाची, पण तिच्यावरील मोट एखाद्याच्या खाजगी मालकीची, तशातला हा प्रकार. विहीर सर्वांची म्हणून मोट सर्वांची होत नाही. ओपनऑफिसच्या पूरकांच्या यादीतही मुक्त व अमुक्त पूरके शेजारी शेजारी होती. म्हणूनच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१० साली केवळ मुक्त पूरकांची वेगळी यादी करण्याचे काम हाती घेतले.

यास्तव पूरक जोडण्यापूर्वी शिक्षकाने तीन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. पहिली, परवान्याचे नाव. जीपीएल, एलजीपीएल, एमपीएल वा अपाचे ही नावे आढळल्यास ते पूरक त्या परवान्याच्या अटींनुसार इतर शाळांस देता येते. दुसरी, सोर्स कोड उपलब्ध आहे किंवा नाही. तिसरी, मुदत, शुल्क अथवा ‘केवळ वैयक्तिक वापरासाठी’ अशी अट. कित्येक पूरके बसविताना हा मजकूर पडद्यावर येतो. तो वाचल्याखेरीज मान्यतेचे बटण दाबू नये. परवाना मुळीच दिलेला नसेल, तर सर्व मोकळीक आहे असे समजू नये. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. परवानगी नाही तेथे वाटण्याचा अधिकारही नाही.

त्या शाळेचे पुढे काय व्हावे? गुरुजींनी गुण ओडीएफ या खुल्या स्वरूपात जतन केले असले, तर ते बुडणार नाहीत. हे स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले असून अनेक आज्ञावलींत उघडते. बेरीज व शेकडेवारीची साधी सूत्रे कोष्टकात स्वतः लिहिली, तर निकाल वेळेवर लागेल. मात्र तेवढ्याने काम पुरे होत नाही. त्यांनी नऊ शाळांस कळवावे, की दिलेले पूरक काढून टाका, चूक झाली; आणि सोबत स्वतः तयार केलेले कोष्टक पाठवून लिहावे, की हे वापरा, सुधारा, पुढे द्या. ज्ञान वाटल्याने वाढते हे शिक्षकास सांगावे लागत नाही. जे वाटावयाचे ते वाटण्याचा अधिकार आपणास आहे, एवढीच खात्री त्याने आधी करून घ्यावी.