उंच माणसाची सायकल



औत जुंपण्याआधी रुमणे हाताला बसते की नाही, हे पाहिल्याशिवाय आपल्याकडचा शेतकरी तास धरीत नाही. रुमणे ठेंगणे असले तर संध्याकाळपर्यंत कंबर धरते. जू अंगाबेताचे नसले तर बैलाचा खांदा सुजतो, हे तर पोरासोरांनाही ठाऊक असते. पण तोच शेतकरी मुलाला घेऊन सायकलीच्या दुकानात जातो तेव्हा रंग विचारतो, गेअर किती ते विचारतो, किंमत तर विचारतोच. मापाचे मात्र नावही काढीत नाही. मुलगा मध्यम बांध्याचा असेल तर निभावून जाते, कारण बहुतेक सायकली त्याच्याच मापावर बेतलेल्या असतात. पंचाईत होते ती ताडमाड वाढलेल्या मुलाची. दुकानदार म्हणतो, "काळजी करू नका, सीट वर करून देतो." आणि सहा फुटी पोरगा अठरा इंची फ्रेमवर गुडघे पोटाशी घेऊन घरी येतो.

आज बोलायचे आहे ते या उंच माणसाविषयी, आणि विशेषतः जिला माउंटन बाईक म्हणतात त्या जाड टायरच्या गेअरवाल्या सायकलीविषयी. ही सायकल मूळची अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात मरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या काही तरुणांनी १९७० नंतरच्या वर्षांत जुन्यापान्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायला सुरुवात केली. त्या सायकली मोडू लागल्या, तेव्हा १९७७ साली जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी म्हणून फ्रेम बांधली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तर या सायकलींची शर्यतही झाली. आपल्या कन्नड तालुक्याला ही सायकल शोभणारी आहे, यात शंका नाही. इकडे गौताळ्याचे डोंगर, तिकडे खानदेशात उतरणारा औट्रम घाट, वस्तीवर जाणाऱ्या खडीच्या आणि पाऊस पडला की काळ्या मातीच्या वाटा. तिथे बारीक टायरची सायकल रुतून बसते. तेव्हा सायकल घ्यावी. पण अंगाची घ्यावी.

पहिला घोटाळा होतो तो आकड्यांचा. दुकानात गेले की विचारतात, "सव्वीसची दाखवू, साडेसत्तावीसची, की एकोणतीसची?" उंच मुलाचा बाप साहजिकच म्हणतो, "एकोणतीसची दाखवा, पोरगा उंच आहे." आता हे आकडे चाकाचे आहेत, फ्रेमचे नव्हेत. चाक मोठे म्हणजे सायकल मोठी, हा समज खरा नाही. एकोणतीसच्या चाकावर लहान फ्रेमही बसते आणि मोठीही बसते. गंमत अशी, की हे एकोणतीसचे चाक आपल्याला वाटते तेवढे नवलाचे नाही. आजोबांच्या काळ्या सायकलीला जी अठ्ठावीस इंची रिम असे, तिचा टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर. नव्या एकोणतीसच्या रिमचा ६२२. म्हणजे आजोबांचीच रिम तेरा मिलिमीटरने मोठी! नव्या चाकाचा आकडा फुगतो तो जाड टायरमुळे.

दुसरा घोटाळा करतात ती जुनी जाणती माणसे. त्यांच्या काळी सायकल बावीस इंची किंवा चोवीस इंची म्हणून मागत, आणि तो आकडा खरोखरच फ्रेमचा असे. जिथे पायडलचे क्रँक फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटची नळी जिथे संपते तिथपर्यंतचे ते अंतर. पोस्टमन, दूधवाले, उंच गडी चोवीस इंची घेत. लहान पोरे तीच सायकल दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत शिकत. ही माणसे आता नातवासाठी डोंगरी सायकल चोवीस इंची मागतात, आणि ती मिळत नाही म्हणून वैतागतात. ती मिळणारच नाही. डोंगरी सायकलीची आडवी दांडी मागे सीटकडे उतरती असते आणि पायडलचा आस जमिनीपासून जरा उंच असतो, म्हणजे दगडाला पायडल लागत नाही. त्यामुळे सीटची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. काळ्या सायकलीत चोवीस इंच ज्याला लागे, त्याला या सायकलीत वीस-एकवीस इंच पुरतात. आकडा एकाच जागचा, पण सायकल वेगळी म्हणून त्याचा हिशेब वेगळा.

मग आपला आकडा काढायचा कसा? दुकानात नव्हे, घरीच काढायचा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांत अर्ध्या फुटाचे अंतर ठेवा. पुठ्ठ्याचे एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घालून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब लागतो तेवढ्या दाबाने वर सरकवा. पुस्तकाची वरची कड जिथे येईल तिथे दुसऱ्या कोणी तरी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजावे. विती मोजू नका. बापाची वीत आणि लेकाची वीत यांत इंचभर फरक पडतो. तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा सगळेच जण पुस्तक ढिले धरतात. हे झाले पायाचे माप. या मापाच्या शंभरातले सत्तावन्न भाग, म्हणजे ०.५७ ने गुणले, की डोंगरी सायकलीच्या फ्रेमचा अदमास मिळतो.

उदाहरण घेऊ. सहा फूट दोन इंच उंचीचा एक गडी आहे आणि त्याच्या पायाचे माप भरले ९० सेंटिमीटर. गुणाकार केला की येतात ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंच. आता तेवढ्याच उंचीचा दुसरा गडी. त्याचे धड लांब, पाय त्या मानाने आखूड, माप भरले ८४. त्याला आले ४८, म्हणजे एकोणीस इंच. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले तर सारखेच दिसतील. सायकल मात्र एक नाही. म्हणून नुसती उंची सांगून सायकल मागवणे मला पसंत नाही. काही सायकलींवर इंचांऐवजी लहान, मध्यम, मोठी, अतिमोठी अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असतात. त्यांवरही डोळे मिटून विसंबू नये. एका कारखान्याची मोठी ती दुसऱ्याची मध्यम निघते.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडे येऊ: "सीट वर करून देतो." ते कुठवर खरे आहे, हेही हिशेबानेच पाहू. सीटची बरोबर उंची म्हणजे आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, पायाच्या मापाच्या साधारण ०.८८३ पट. आपल्या पहिल्या गड्याला ती येते साडेएकोणऐंशी सेंटिमीटर. त्याने अठरा इंची फ्रेम घेतली, तर त्यातले ४६ सेंटिमीटर फ्रेमने दिले. सीटची स्वतःची जाडी पाचेक धरा. उरले साडेअठ्ठावीस, आणि तेवढी दांडी फ्रेमबाहेर काढावी लागणार. दांडी पस्तीस सेंटिमीटरची असेल आणि निदान दहा सेंटिमीटर ती नळीत राहिलीच पाहिजे, तर बाहेर निघतात पंचवीस. म्हणजे हिशेब साडेतीन सेंटिमीटरने तुटला. दांडीवर जी खूण कोरलेली असते, तिच्यावर दांडी कधीही काढू नये. माणसाचे वजन, खड्डा आणि अर्धवट बसलेली दांडी ही तिन्ही एकत्र आली की फ्रेमची नळी तडकते किंवा दांडी वाकते, आणि हे नेमके उतारावर होते. वीस इंची फ्रेम घेतली असती तर साडेतेवीस बाहेर काढून काम भागले असते.

समजा, लांब दांडी मिळाली आणि उंची जमली. तरी निम्मेच काम झाले, कारण सीट वर गेली. फ्रेम लांब झाली नाही. हँडल होते तिथेच राहिले, खाली आणि जवळ. माणूस पोक काढून बसतो, सगळा भार तळहातांवर येतो, बोटांना मुंग्या येतात. चढावर बसून पायडल मारताना वजन मागच्या चाकावर जाते आणि पुढचे चाक उचलू लागते. औट्रम घाटाच्या उतरणीला याच्या उलट. सीट उंच, हँडल खाली, आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला, की स्वार हँडलवरून पुढे जाण्याच्या बेतात. वळताना गुडघा हँडलला लागतो तो वेगळाच. उंच माणसाला म्हणून फ्रेमची उंची जितकी पाहायची, त्याहून अधिक तिची लांबी पाहायची. लांबी जोखायला आपल्याकडे एक जुने माप आहे: वाव. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत भरते ती वाव. ती उंचीपेक्षा जास्त भरली आणि दोन मापांत मन अडकले असेल, तर मोठे माप घ्या. कमी भरली तर लहान घ्या.

याचा अर्थ मोठ्यात मोठी फ्रेम घ्यावी असा नव्हे. मुलांना आपण वाढत्या अंगाचे कपडे शिवतो, तशी वाढत्या अंगाची सायकल घेण्याची रीत पडली आहे. सदरा ढगळ असला तर कोणी पडत नाही. सायकल ढगळ असली तर खडीवर पाय टेकताना दांडी जिथे लागू नये तिथे लागते. मूल आज जेवढे आहे तेवढ्याला बसणारी घ्यावी. सीट दोन-तीन वर्षे वर सरकवता येतेच.

दुकानात गेल्यावर सायकल स्टँडवरून उतरवून घ्या आणि नेहमीची पादत्राणे घालून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडी आणि शरीर यांच्यात दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. मग कोणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. आता चवडा पायडलवर ठेवा, गुडघा थोडासा वाकेल. सीट फार खाली राहिली तर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखते. फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे ताण पडतो आणि कंबर डावी-उजवीकडे झोके खाते. हात हँडलवर ठेवले की कोपरे किंचित वाकलेली हवीत. एवढे झाल्यावर सायकल रस्त्यावर चालवून पाहू द्या, म्हणून आग्रह धरा. यात लाजण्यासारखे काही नाही. बैल घेताना आपण चालवून पाहतोच.

दुकानदार लबाड असतो असे माझे म्हणणे नाही. पुष्कळ स्वस्त सायकली एकाच मापाच्या फ्रेमच्या येतात. त्याच्याकडे जे आहे ते तो विकणार. मोठी फ्रेम हवी असेल तर तसे सांगून ती मागवावी, नाही तर छत्रपती संभाजीनगरला एक खेप करावी. आणि ज्याला डोंगरवाटेचे काम नाही, घर ते शाळा किंवा घर ते बाजार एवढाच डांबरी रस्ता आहे, त्या उंच माणसाने नव्या फॅशनच्या मागे न लागता चोवीस इंची काळ्या सायकलीची चौकशी केली तरी चालेल. ती अंगाला बसते आणि गावातला कोणीही मिस्त्री दुरुस्त करतो. तिचे सळईचे ब्रेक मात्र घाटासाठी नव्हेत.

लहान सायकल आधीच घरात आली असेल तर? सीटची लांब दांडी बसवा, पण खुणेच्या आत. हँडल उंच करणारा तुकडा मिळतो, तो लावा. सीट तिच्या रुळांवर थोडी मागे सरकवा. जुन्या दांडीला नळीचा तुकडा वेल्डिंग करून ती लांबवणे मात्र करू नका. तो जोड आज ना उद्या सुटतो आणि सुटला की खाली उघडी नळी असते. त्यापेक्षा ती सायकल धाकट्याला द्यावी.

शिक्षकांना एक विनंती. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. सायकली येतात, पण ज्या उंचीवर सीट बसवून आली त्याच उंचीवर ती वर्षभर राहते. वर्गातली सर्वांत उंच मुलगी चार किलोमीटर पायडल मारून येते आणि गुडघा दुखतो म्हणते. घरी त्याला आळस म्हणतात, आणि एक दिवस सायकल भिंतीला लागते. चार किलोमीटर रोज पायी जाणे-येणे किती दिवस निभेल, हे तुम्ही जाणताच. शाळेत एक पाना आणि एक टेप ठेवला तर एका दुपारी सगळ्या सायकली लावून होतील. मुलींची मापे बाईंनी घ्यावीत. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायचा असतोच. तो फळ्यावरच्या कापडाच्या दरापेक्षा स्वतःच्या सीटच्या उंचीवर मुले लवकर करतील.

सीट एकदा बरोबर लागली की दांडी जिथे नळीत शिरते तिथे ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवा. खडीच्या रस्त्यावर बोल्ट ढिला होऊन सीट हळूहळू खाली बसते आणि ते लक्षात येत नाही. रेघ दिसेनाशी झाली की पाना घ्यावा. वाढत्या मुलाचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. भिंतीवरच्या जुन्या खुणा पुसू नका. पुढची खूण त्यांच्या वरच येणार आहे.