पाऊस किती, हे यंत्राने कसे ओळखावे?

बीदर तालुक्यातील जनवाड्यापासून कलबुर्गीपर्यंतचा मुलूख तुरीचा, मुगा-उडदाचा आणि अलीकडे सोयाबीनचाही आहे. मृग लागला की तेथे घरोघर एकच प्रश्न निघतो: पेरणीजोगा पाऊस झाला काय? तो कोणी कानडीत विचारतो, कोणी मराठीत, कोणी दख्खनीत. काळजी मात्र एकच असते. आता हाच प्रश्न हातातील फोनमधल्या एआय एजंटलाही विचारता येतो. त्याचे उत्तर खरे ठरणे हे बऱ्याच अंशी दोन-चार ओळींच्या मजकुरावर अवलंबून असते. त्या ओळींविषयी आज विचार करावयाचा आहे.

एआय एजंट म्हणजे एक नवा मुनीम होय. त्याला पाऊस दिसत नाही. आकडे काढून देणारी काही साधने त्याच्या हाताशी दिलेली असतात. कोणते साधन बेरीज करते, कोणते सरासरी काढते, कोणते तुलना करते. प्रत्येक साधनाला एक नाव असते, त्याच्या कामाचे वर्णन असते आणि त्याला कोणती माहिती पुरवावयाची याची यादी असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या खुल्या संकेतातही साधनाची ओळख मुख्यतः याच तीन गोष्टींनी होते. साधनाच्या पोटात काय चालते हे मुनिमाला ठाऊक नसते. वर्णन वाचूनच तो निवड करतो.

आकड्यांची उणीव आहे असे नाही. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसविलेले आहेत. उणीव असते ती वर्णनाची. समजा, एजंटपाशी दोन साधने आहेत. पहिले जिल्ह्याचा पाऊस सरासरीहून किती टक्के कमी-अधिक झाला ते सांगते. दुसरे एका पर्जन्यमापकावर दोन तारखांच्या दरम्यान किती मिलिमीटर पाऊस पडला ते सांगते. दोहोंवर 'पावसाची माहिती देते' एवढेच लिहिले असेल, तर मुनिमाने कोणते उचलावे?

त्याने पहिले उचलले असे धरू. जूनच्या पहिल्या आठवड्याची सरासरी २० मिलिमीटर मानली आणि पाऊस २३ मिलिमीटर झाला, तर 'सरासरीहून १५ टक्के अधिक' असे उत्तर येईल. गणित बिनचूक आहे. परंतु साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. शेतकऱ्याने त्या उत्तराच्या भरवशावर पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर बियाणे जाते, खत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. यंत्र खोटे बोलले नाही. विचारले एक आणि मोजले दुसरेच.

शब्दांचे घोटाळे याहून सूक्ष्म असतात. 'सामान्य' हाच शब्द घ्या. देशाच्या मोसमी पावसाचा अंदाज वर्तविताना हवामान खाते दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला सामान्य म्हणते. १९७१ ते २०२० या काळावरून काढलेली ती सरासरी ८७ सेंटिमीटर आहे. जिल्ह्याच्या पावसाला मात्र उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंत सामान्यच म्हणतात. 'दिवस' या शब्दाचेही तसेच. पावसाच्या नोंदीतला दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठला संपतो. शिवाय पर्जन्यमापक बंद पडला तर पाऊस शून्य लिहावयाचा की नोंद नाही म्हणावयाचे? शून्य लिहिले तर पडलेला पाऊसही पडला नाही असे ठरते.

म्हणून दुसऱ्या साधनाचे वर्णन असे असावे: 'एका पर्जन्यमापकावर दोन तारखांच्या दरम्यान पडलेल्या पावसाची बेरीज मिलिमीटरमध्ये देते. दिवस सकाळी साडेआठला संपतो. नोंद नसलेले दिवस शून्य धरलेले नाहीत. त्यांची संख्या वेगळी सांगितली जाते. जिल्ह्याची सरासरीशी तुलना हवी असल्यास हे वापरू नये.' पहिल्या साधनावरही एक वाक्य हवेच: 'पेरणीजोगा पाऊस झाला की नाही, हे यावरून ठरविता येत नाही.' साधन काय करते हे पुष्कळजण लिहितात. ते काय करीत नाही हे लिहावयाचे राहून जाते, आणि चूक बहुधा तेथेच होते.

लोक ज्या शब्दांत विचारतात त्या शब्दांनाही वर्णनात जागा असावी. कोणी 'मृगात किती पडला' असे विचारील, तर मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो हे तारखांच्या रकान्यापाशी नोंदलेले बरे. मात्र पाल्हाळ नको. वर्णन लिहून झाले की दहा-वीस खरे प्रश्न एजंटला घालून पाहावेत आणि तो जेथे चुकेल तेथे प्रथम आपले वाक्य तपासावे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त गणिताच्या आरंभीच नाणी, सोन्याची वजने, लांबी आणि धान्याची मापे यांची परिभाषा दिली आहे. आधी माप ठरवावे, मग मोजावे, हा तो क्रम. शिकणारा विद्यार्थी अडला तर गुरूला विचारू शकतो. एजंट पुष्कळदा न विचारताच पुढे जातो आणि चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो. त्याची शंका आपण आधीच ओळखून फेडली पाहिजे. कारण वर्णनात राहिलेल्या संदिग्धतेची किंमत ते लिहिणारा देत नाही, पेरणारा देतो.