मासोळ्यांचा राखणदार



वऱ्हाडांत मासे पाळणें म्हणजे काय, हें ज्यानें मे महिना अकोल्यास काढला आहे त्यालाच नीट सांगतां येईल. या छंदावरचीं पुस्तकें बहुधा थंड मुलुखांतून आलेलीं असतात. पेटींतलें पाणी ऊन कसें ठेवावें, यावरच त्यांचा सारा भर. आमच्याकडे प्रश्न अगदीं उलट. २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उन्हापायीं जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, हें आपल्या स्मरणांत असेल. माणसांनीं एकत्र जमूं नये असा हुकूम निघूं शकतो. कांचेच्या पेटींतल्या माशांना सावलींत जा म्हणून कोण सांगणार?

पाणी तापलें म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात. २५ अंशांच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळून राहूं शकतो; ३५ अंशांवर तोच सातांच्या आसपास येतो. आणि नेमक्या त्याच वेळीं माशाच्या शरीराचे व्यवहार जलद झालेले असल्यामुळें त्याची प्राणवायूची गरज वाढते. मिळकत घटली आणि खर्च वाढला अशी ही स्थिति. दुपारीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझाप करूं लागले, कीं तें त्यांचें खेळणें नव्हे, धापा टाकणें आहे, हें नवख्या माणसाला कळत नाहीं.

यावरचा उपाय मात्र वऱ्हाडी माणसाला शिकवावा लागत नाहीं. वाळ्याचे पडदे आणि कूलर ज्या न्यायानें घर थंड करतात, तोच न्याय येथें. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा वाहूं द्यावा. उडून जाणारें पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातें. हिशेब केला तर माझ्या ८० लिटरच्या पेटींतून एक लिटर पाणी उडालें म्हणजे उरलेलें पाणी सुमारें सात अंश निवावें इतकी उष्णता जाते; खोलींतल्या हवेंतून ती परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षांत तीन-चार अंशांवर समाधान मानावें लागतें. आमची उन्हाळ्यांतील हवा कोरडी, त्यामुळें मृग बरसेपर्यंत ही युक्ति उत्तम चालते. आषाढांत हवा ओली झाली कीं पंखा नुसता फिरतो. पण तोंवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. उडतें तें निव्वळ पाणी; क्षार पेटींतच राहतात. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरला आहे. तिथल्या बोअरचें पाणी रोजच्या भरपाईला ओतीत गेलें, तर मे संपेपर्यंत पेटींतलें पाणी समुद्राच्या वाटेला लागतें. अकोल्यास काटेपूर्णेचें आणि अमरावतीस अप्पर वर्धा धरणाचें पाणी नळानें मिळतें, तें एक रात्र उघडें ठेवून पाणी बदलण्यास वापरावें. उडालेल्या पाण्याच्या भरपाईला मात्र साठवलेलें पावसाचें पाणी असेल तर त्यासारखें दुसरें नाहीं.

आमची पेटी बैठकीच्या खोलींत आहे आणि तिची खरी मालकीण माझी आई. वडील गेल्यानंतर तिची दुपार त्या पेटीसमोर जाऊं लागली. सकाळीं उठल्याबरोबर ती मासे मोजी. दुपारीं बारा वाजतां टेबलपंखा पेटीकडे वळवून लावी, दिवेलागणीस बंद करी. गुडघे दुखत, तरी हें काम तिनें कोणास सोंपविलें नाहीं. तिची ही उठबस वाचवावी आणि जमल्यास आपलें कौशल्यही दाखवावें, अशा मिश्र हेतूनें मीं नियंत्रक पेटी करावयास घेतली. दुसरा हेतु पहिल्यापेक्षां थोडा मोठाच होता, हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं.

स्वतःच्या स्वतः उष्णता सांभाळणारें यंत्र ही कल्पना नवी नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभीं कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिरानें अंडीं उबविण्याची अशी भट्टी केली होती, कीं तापल्यावर पारा चढून हवेची वाट आपोआप बंद व्हावी. आज पाऱ्याचें काम सेन्सर करतो आणि झडपेचें काम रिले. आर्डुइनो नांवाची तळहाताहून लहान पाटी बाजारांत मिळते. २००५ च्या सुमारास इटलींतील इव्हरेआ गांवच्या एका संस्थेंत ती विद्यार्थ्यांसाठीं निघाली. तिला मीं डीएस१८बी२० या नांवाचा, पोलादी टोपणांत बसविलेला सेन्सर जोडला. हा उणे १० पासून ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या फरकानें तपमान सांगतो. दोन रिले घेतले: एक पंख्यासाठीं, एक हीटरसाठीं. हीटर कशाला, असें आपण विचाराल. डिसेंबर-जानेवारींत आमच्याकडे पहांटेचा पारा दहाच्या जवळ उतरतो, आणि गप्पी, मॉली, एंजल हे मासे उष्ण देशांतले. तेव्हां हिंवाळ्याचे दोन महिने तोही लागतो.

पाटीला दिलेले हुकूम सरळ होते. पाणी २९ अंशांवर गेलें तर पंखा लाव, २८ च्या खालीं आलें तर बंद कर. २४ च्या खालीं गेलें तर हीटर लाव, २५ ला बंद कर. लावण्याच्या आणि बंद करण्याच्या आंकड्यांत एका अंशाचें अंतर मुद्दाम ठेवावें लागतें. तें नसेल तर काट्यावर आलेलें पाणी रिलेला मिनिटांत दहा वेळां टकटक करावयास लावतें आणि त्याचे स्पर्शबिंदु जळून जातात. इतकें झाल्यावर मीं एक काटकसर केली. बाजारांत स्वतःची तापमर्यादा सांभाळणारे हीटर मिळतात. माझ्याकडे नियंत्रक आहेच, मग दुप्पट पैसे कशाला, म्हणून मीं साधा १०० वॉटचा हीटर घेतला.

जानेवारींत यंत्र सुरू झालें. दोन महिने त्यानें एकही चूक केली नाहीं. पाहुण्यांना तें मीं दाखवीत असें, आणि आई कौतुकानें ऐके. मार्चअखेरीपासून पंखा लागूं लागला, तेव्हां तिनें टेबलपंखा पुसून माळ्यावर ठेवून दिला.

मे महिन्यांत अमरावतीस भाच्याचें लग्न निघालें. २०२२ च्या जूनमध्यें याच अमरावती-अकोला मार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम नोंदविला गेला होता; मनांत आणतों तर रात्रींच परत येतां आलें असतें. पण यंत्र होतें ना घरीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं दार उघडलें तों पंखा बंद आणि हीटरचा तांबडा दिवा चालू. पाण्यांत हात घातला तों तें स्नानाच्या पाण्यासारखें ऊन. कांचेच्या तापमापकानें ३७ अंश दाखविले. अकरांपैकीं नऊ मासे मेलेले होते. दोन गुरामी तेवढे पृष्ठभागाशीं जिवंत होते. त्यांना वरची हवा घेतां येते, तिचा आधार त्यांना झाला असावा.

आईनें त्या दिवशीं मासे मोजले नाहींत. बऱ्याच वेळानें ती आपल्या माहेरच्या बोलींत एवढेंच म्हणाली, "मी उठून पंखा लावत होती तवा एकही मासोयी मेली नोती रे."

माझें पहिलें काम यंत्र उचलून फेंकण्याचें होतें. पण मग मे महिन्यांत हीटर लागलाच कसा, हें कधींच कळलें नसतें. हीटरची सुटी तार मीं ओढून काढली आणि बाकीचें यंत्र तसेंच चालूं ठेवलें. हात लावला तेव्हां तें शहाण्यासारखें ३७ अंश दाखवीत होतें! असा दोष सर्वांत वाईट, जो वैद्य आला कीं नाहींसा होतो.

या सेन्सरचे दोन आंकडे ओळखून ठेवण्यासारखे आहेत. वीज आल्याबरोबर मोजणी पूर्ण होण्यापूर्वींच त्याला विचारलें, तर तो ८५ अंश सांगतो. पूर्ण मोजणीस त्याला पाऊण सेकंद लागतो. आणि तार तुटली, तर आर्डुइनोच्या नेहमींच्या वापरांतील प्रोग्राम उणे १२७ हा आंकडा पुढें ठेवतो. माझा पहिला संशय ८५ वर गेला, कारण आमच्याकडे वीज येऊन-जाऊन असतेच. तो खोटा ठरला: ८५ हा आंकडा आला असता तर पंखा लागला असता, हीटर नव्हे. हीटर लावायला थंडीच दिसावयास हवी होती. म्हणजे उणे १२७. माझ्या हुकुमाप्रमाणें उणे १२७ हें २४ च्या खालींच. यंत्रानें आज्ञा अक्षरशः पाळली होती. इतकें गारठलेलें पाणी अकोल्यांत मे महिन्यांत असूं शकत नाहीं, हें मीं त्याला सांगितलेंच नव्हतें.

पण तार तुटली तर ती पुन्हां जुळते कशी? मीं पाटीला एक स्मृतिकार्ड जोडून दर मिनिटाला तपमान आणि रिलेंची स्थिति टिपून ठेवावयास लावलें. एक दिवस, दोन दिवस, कांहीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं १ वाजून ४० मिनिटांनीं पंखा लागला, आणि ४३ व्या मिनिटाला उणे १२७. सात मिनिटांनीं पुन्हां ३०. मागचे कागद चाळून पाहिले तों पंखा बंद असतांना हा आंकडा एकदांही आलेला नव्हता. मग सारें उघड झालें. पंखा पेटीच्या झांकणावर बसविलेला होता, आणि सेन्सरची तार लांबविण्याकरितां मीं जो सांधा दिला तोही त्याच झांकणावर चिकटविलेला. सोल्डर न करतां नुसती तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पाण्याच्या वाफेनें तांबें हिरवट झालेलें. पंखा फिरे, झांकण थरथरे, सांधा सुटे. सांधा सुटला कीं यंत्राला थंडी वाजे, तें पंखा बंद करून हीटर लावी. थरथर थांबली कीं सांधा बहुधा पुन्हां टेके. त्या रात्रीं तो टेकला नाहीं. हिंवाळ्यांत पंखा लागतच नव्हता, म्हणून दोन महिन्यांची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. त्यानंतरच्या महिन्यांत असे किती झटके येऊन गेले असतील, कोणास ठाऊक.

१०० वॉटचा हीटर ८० लिटर पाणी तासाला सुमारें एक अंश चढवितो. रात्र पुरेशी मोठी होती.

नवीन बांधणी करतांना मीं प्रत्येक तारेला एकच प्रश्न विचारला: तूं तुटलीस तर काय होईल? सेन्सरचा आंकडा १० ते ४५ यांच्या बाहेरचा असेल तर तो आंकडाच नव्हे. अशा वेळीं हीटर बंद, पंखा चालू आणि घंटा वाजावी. पंखा आतां रिलेच्या अशा टोंकाला जोडला आहे कीं रिले सुस्त पडला, पाटी मेली, तरी तो फिरतच राहतो; हीटर उलट टोंकाला, म्हणजे पाटी जिवंत असल्याशिवाय तो लागूंच शकत नाहीं. कित्येक रिले शून्याच्या इशाऱ्यावर लागणारे असतात आणि पाटी जागी होतांना क्षणभर भलतेंच करतात, म्हणून ही जोडणी दिव्याच्या बल्बावर तपासून मगच पेटीला लावावी. हीटर आतां स्वतःची मर्यादा सांभाळणारा आहे, ती २७ वर बांधली आहे, आणि होळी झाली कीं तो पेटींतून काढून कपाटांत जातो. हा शेवटचा उपाय अगदीं बिनखर्चाचा, आणि नेमका तोच मला सुचला नव्हता.

सांधे सोल्डर करून वर आकसणारी नळी चढविली. डेटाची तार आणि पांच व्होल्टची तार यांच्यामध्यें ४.७ किलो-ओहमचा रोधक लागतो. तो विसरला तरी कांहीं सेन्सर तार आंखूड असेपर्यंत चालतात आणि लांबविली कीं दगा देतात, तेव्हां तिकडेही पाहावें. सेन्सर खरा कीं खोटा हें ठरवावयाचें असेल, तर कुटलेल्या बर्फाच्या पाण्यांत बुडवावा. शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आंतबाहेर असेल तर विश्वास ठेवावा. विजेच्या प्रत्येक वायरीला बोर्डाजवळ येण्यापूर्वीं खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारें पाणी झोळावरून जमिनीवर पडतें, बोर्डांत शिरत नाहीं. आणि ३० मिलिअँपियरवर तुटणारा, गळती ओळखणारा स्विच घरांत नसेल, तर त्याआधीं या छंदांतली विजेची कोणतीच गोष्ट करूं नये. येथें मासे नव्हे, माणसें जाण्याचा प्रश्न आहे.

पाऊस पडून गेल्यावर आईच्या संमतीनें सहा नवे मासे आणले. मागाहून दुसरा उन्हाळा गेला, तिसराही गेला. घंटा दोनदां वाजली. एकदां उंदरानें तार कुरतडली म्हणून, आणि एकदां मीं स्वतः पेटी धुतांना सेन्सर उपटला म्हणून. टेबलपंखा आई माळ्यावरून काढून पुन्हां खालीं घेऊन आली आहे आणि तो पेटीजवळ उभा असतो. दिवेलागणीला ती कांचेचा तापमापक वाचून दिनदर्शिकेवर आंकडा लिहिते, आणि त्याच्या शेजारीं यंत्रानें दाखविलेला आंकडा लिहिते. काल तिचा आंकडा २९ होता आणि यंत्राचा २९.३. तीन दशांशांचा खुलासा तिनें मजजवळ मागितला आहे.