अडगळीतला संगणक



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण आज जमलो आहोत, ते वर्ष संपले की आमच्या वह्यांतील कोरी पाने काढून, शिवून नवी वही करून देत. तेव्हा मी आज जुन्या स्मार्टफोनविषयी बोलू लागलो, तर ते आपणांस अस्थानी वाटू नये.

माझ्या कपाटात असा एक फोन दोन वर्षे पडून होता. काच तडकलेली, पण आतले सारे शाबूत. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! निव्वळ आकडेमोडीच्या वेगात आज अडगळीत पडलेला साधा फोनही त्याच्या पुढे जातो. आपण मात्र त्याला फोन म्हणतो, आणि फोन जुना झाला की संगणकही जुना झाला असे समजतो.

माझा उद्योग सुरू झाला तो एका कॅसेटमुळे. आईच्या जात्यावरच्या ओव्या तीत होत्या. फितीला बुरशी लागू लागली होती. शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून तो आवाज मी या फोनमध्ये उतरवला. पुढे तो घरातल्या सर्वांना ऐकवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला.

प्रथम मी फसलो. फोन टीव्हीला जोडणारी एचडीएमआयची तार आणली. पडदा काळाच राहिला. तार ठीक होती. टाइप-सी भोक दिसले म्हणजे त्यातून चित्र बाहेर येतेच असे नाही; स्वस्त फोनांत बहुधा ती सोय नसते. सॅमसंगने 2017 मध्ये डेक्स काढले, त्यात फोन पडद्याला जोडला की संगणकासारखा चालतो. पण ते त्यांच्या वरच्या किमतीच्या फोनांत. खरेदीपूर्वी आपल्या फोनची माहिती वाचावी, एवढा धडा मी पैसे मोजून शिकलो.

मग तारेचा नाद सोडला. फोनवर फाइली वाटून देणारा एक छोटा प्रोग्राम बसवला. फोनचेच हॉटस्पॉट सुरू केले आणि टीव्ही त्याला जोडला. डीएलएनए नावाचे मानक पाळणारा टीव्ही अशा फाइली आपण होऊन शोधतो व वाजवतो. इंटरनेटचा यात काही संबंध नाही. वीज गेली की टीव्ही मुका होतो. फोन स्वतःच्या बॅटरीवर गात राहतो.

आमचा मुलूख 1956 साली हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. मुडबीत घरची मराठी, शाळेतली कन्नड आणि बाजारातली उर्दू एकाच तोंडी नांदतात. आता आमच्या त्या फोनमध्ये आईच्या ओव्यांशेजारी शेजारच्या आजींनी म्हटलेली बसवण्णांची वचनेही आहेत. नातवंडे दोन्ही ऐकतात. कोणत्याही कंपनीच्या यादीत हे दोन आवाज सापडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर फुगते. फोन रात्रंदिवस चार्जरला लावू नये, कव्हर काढून हवेशीर जागी ठेवावा. पाठ फुगलेली दिसताच वापर थांबवावा. बॅटरी टोचू नये, उकिरड्यावरही टाकू नये. जुन्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत, म्हणून त्यातली बँकेची खाती, सिमकार्ड आणि खासगी चित्रे आधी काढून घ्यावीत.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला चतुर्थांशही रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही. माझा एक फोन वाचल्याने त्या ढिगाला काही होत नाही, हे मी जाणतो. मी तो आईसाठी वाचवला.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या उद्या शाळेत आणाव्यात. मी दिवसभर येथेच आहे. चालता टेपरेकॉर्डर कोणाकडे असेल तर तोही घेऊन यावा, कारण शेजाऱ्यांचा मी परत केला आहे.