पंधरा नोंदींची गोष्ट

(युवक-युवतींच्या कार्यशाळेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चालू सिस्टीमवर नजर ठेवणं आणि बिघाड वाढण्याआधी पकडणं हे माझं काम. आज लशीबद्दल बोलणार आहे ते त्या कामाच्या अनुभवातून, आणि एक बाप म्हणून.

आमची मुलगी सहा आठवड्यांची झाली, तेव्हा तिला रोटाव्हायरसचा पहिला डोस द्यायचा होता. या विषाणूमुळे बाळांना जोरात जुलाब-उलट्या होतात. अंगातलं पाणी कमी होऊन बाळ दगावूही शकतं. आदल्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसलो आणि एका माहितीपाशी अडकलो: अमेरिकेत रोटाव्हायरसची लस १९९९ साली बाजारातून काढून घेतली होती. सकाळी मी म्हणालो, आज नको जायला. अम्मी म्हणाली, "शंका आहे तर जाऊन विचार. घरात बसून उत्तर मिळणार आहे का?"

गेलो, विचारलं. तिथे ऐकायला मिळालं, "तुमच्या वस्तीतले लोक नेहमी लशीला विरोधच करतात." मी विरोध करत नव्हतो, प्रश्न विचारत होतो. मग उत्तर मीच शोधलं. तेच तुम्हाला सांगतो.

त्या लशीचं नाव रोटाशील्ड. ऑगस्ट १९९८ मध्ये तिला परवानगी मिळाली. त्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे १०,००० बाळांपैकी पाच जणांना 'इन्टससेप्शन' झालं होतं, आणि लस न घेतलेल्या सुमारे ४,६०० बाळांपैकी एकाला. इन्टससेप्शन म्हणजे शर्टाची बाही आत दुमडावी तसा आतड्याचा एक भाग शेजारच्या भागात शिरणं. वाट बंद होते, त्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीवावर बेततं. पाच आणि एक हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. म्हणून लशीला परवानगी मिळाली, पण माहितीपत्रकात या त्रासाचा उल्लेख राहिला आणि नजर ठेवायचं ठरलं.

अमेरिकेत १९९० पासून 'व्हेअर्स' नावाची नोंदप्रणाली आहे. लशीनंतर काही त्रास झाला तर डॉक्टर, नर्स, आईवडील, कुणीही तिथे कळवू शकतं. जुलै १९९९ च्या सुरुवातीपर्यंत इन्टससेप्शनच्या १५ नोंदी आल्या होत्या. तोवर सुमारे १५ लाख डोस दिले गेले होते. १५ लाखांत १५! तरी त्याच महिन्यात सरकारी यंत्रणेने लस तात्पुरती थांबवायला सांगितलं. तपास झाला आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने लस मागे घेतली. धोका साधारण दहा हजारांत एक बाळ इतका निघाला.

आमच्या क्षेत्रात हे रोज दिसतं. दहा हजार वेळांत एकदा येणारा बिघाड टेस्टिंगमध्ये बहुतेक वेळा सापडत नाही. तो लाखो लोक वापरायला लागल्यावरच दिसतो. म्हणून नजर ठेवणं हा लस देण्याचाच एक भाग आहे.

पण नोंद म्हणजे पुरावा नव्हे. इन्टससेप्शन लस न घेतलेल्या बाळांनाही होतं, तेही विशेषतः चार ते नऊ महिन्यांच्या वयात. नोंद धोक्याची घंटा वाजवते. घंटा खरी की खोटी, हे तुलना केल्यावर कळतं.

पुढच्या दोन लशींच्या चाचण्या म्हणूनच प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळांवर झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये आले आणि त्यांत असा धोका दिसला नाही. वापर सुरू झाल्यावर मात्र छोटा धोका सापडला: अमेरिकेत २० हजार ते एक लाख बाळांमागे एक. तो लपवला नाही, जाहीर केला. आणि लस चालू ठेवली, कारण तिच्यामुळे तिथे दरवर्षी ४० ते ५० हजार बाळांचं रुग्णालयात जाणं टळतं.

आपल्याकडची रोटाव्हॅक लस दिल्लीतल्या नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून बनली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे सुमारे ६,८०० बाळांवर तिची चाचणी झाली. दहा हजारांत एक असलेला धोका एवढ्या संख्येत दिसेलच असं नाही. म्हणून २०१६ मध्ये ती सरकारी लसीकरणात आली, तेव्हा २७ रुग्णालयांत इन्टससेप्शन झालेल्या बाळांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तुलना प्रत्येक बाळाची स्वतःशीच होती: डोसनंतरच्या २१ दिवसांत हा त्रास जास्त होतो का, की इतर दिवसांइतकाच? २०२० मध्ये निष्कर्ष आला: धोका वाढलेला दिसला नाही.

हे वाचून मी पुढच्याच आठवड्यात मुलीला डोस दिला. धोका शून्य आहे असं कुणी सांगितलं म्हणून नव्हे. धोका शोधणारी माणसं कामाला लागलेली आहेत, हे कळलं म्हणून.

आता आपलं काम. बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, हिरवट उलट्या करत असेल, शीमधून रक्त-शेंबूड पडत असेल किंवा एकदम मलूल झालं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा आणि डोसची तारीख डॉक्टरांना सांगा. नंतर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवा आणि नोंद झाली का, हे पुन्हा विचारा. नुसतं व्हॉट्सॲपवर टाकलं तर भीती पसरते, तपास होत नाही.

आणि आपल्या वस्तीत कुणी आई प्रश्न विचारत असेल, तर तिला अडाणी म्हणू नका. तिच्यासोबत केंद्रावर जा. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे, आणि उद्या तिला काही सांगायचं असेल तर तेही कुणीतरी लिहून घेतलं पाहिजे. त्या पंधरा नोंदी कुणी केल्याच नसत्या, तर रोटाशील्डचा दोष किती बाळांनंतर कळला असता?